रावसाहेबांची हातखूण

ठोकळगावात रोज संध्याकाळी हवामान जाहीर व्हायचं आणि ते सहसा चुकायचं.

हे गाव सरकारी नकाशावर नव्हतं. प्लास्टिकच्या रंगीत ठोकळ्यांतून घरं, पूल, गाड्या बांधायचा नाद असलेली मोठी माणसं इंटरनेटवर एकमेकांना सापडली आणि त्यांनी ते वसवलं. आपापल्या घरी टेबलावर बांधायचं, मोबाइलने चहूबाजूंनी टिपायचं आणि गावाच्या सामाईक नकाशात मोकळी जागा बघून ठेवून द्यायचं. कुणी नगरला राहायचं, कुणी मस्कतला; ठोकळगावात त्यांची दारं समोरासमोर यायची. एकच नियम कडक होता. गावात शिरताना खरं नाव बाहेर काढून ठेवायचं, एक सोंग घ्यायचं आणि ते निभवायचं.

हर्षदा बेलसरे सांगलीत एका दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या आणि दातांच्या टोप्या घडवायची. ठोकळगावात ती ‘वेधशाळेच्या बाई’ होती. टेकडीवर तिने पांढऱ्या घुमटाची वेधशाळा बांधली होती आणि तिथून ती मोठ्या रुबाबात चुकीचे अंदाज द्यायची. तिच्या अंदाजांचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी तंबू टाकून बसलेले सर्कसवाले रावसाहेब.

“बाई, आज खेळ लावू का?” रावसाहेब विचारायचे.

“खुशाल लावा. आकाश निरभ्र राहील.”

घटकाभरात गावातलं कुणीतरी निळ्या ठोकळ्यांचा पाऊस पाडून मोकळं व्हायचं. मग रावसाहेब आपल्या हत्तिणीचा ओलाचिंब फोटो टाकायचे. “चंपाकळीला सर्दी झाली. सोंड पुसायला माझं धोतर पुरत नाही. वेधशाळेने पाठवावं.”

रावसाहेबांची जनावरं बघायला गाव लोटायचं. ठोकळे चौकोनी असतात, पण त्यांच्या हाताखाली त्या चौकोनांतून हत्तीच्या गुडघ्याची घडी निघायची, म्हाताऱ्या सिंहाची पडलेली आयाळ निघायची. ते खरे कोण, कुठले, हे हर्षदाने कधी विचारलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

हर्षदाचा नवरा गेला, तेव्हा ती कितीतरी दिवस गावाकडे फिरकली नाही. परतली तेव्हा तिने एवढंच जाहीर केलं, “दाट धुकं. पुढची सूचना मिळेपर्यंत धुकंच राहील.” लोकांना ती गंमत वाटली. कुणी धुक्यात म्हशी हरवल्या, कुणी वरातीची वाट चुकवली. रावसाहेबांनी मात्र काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तंबूपासून वेधशाळेपर्यंतच्या चढणीवर पिवळ्या काचांचे इवलेसे कंदील उभे होते. खाली लिहिलं होतं, “धुक्यात आमची जनावरं बिथरतात म्हणून लावलेत. बाईंना उपयोग झाला तर वापरावेत.”

प्रयोगशाळेत मेणाचा दात हातात धरून हर्षदा रडली. नवरा गेल्यानंतर ती इतकं मोकळं पहिल्यांदाच रडत होती.

ठोकळगावाची घडी विस्कटली ती यंत्रांमुळे. नुसतं तोंडाने सांगितलं की राजवाड्याचा आराखडा करून देणाऱ्या प्रणाली आल्याच होत्या. पाठोपाठ टेबलावर मावणारे यांत्रिक हात आले आणि आराखड्याप्रमाणे ठोकळे बसवायला लागले. ज्यांनी जन्मात साधा कोंबडा बांधला नव्हता ते दर आठवड्याला राजवाडे आणून ठेवू लागले. गावाच्या वार्षिक जत्रेतल्या स्पर्धेत पहिला आलेला घोडा कुणाच्याच हाताने बांधलेला नव्हता हे उघड झालं, तेव्हा चिडलेली जुनी मंडळी गाव सोडायच्या गोष्टी करू लागली.

तोडगा काढला निरंजन खरवंडीकरने. हा पुण्यातला संगणकतज्ज्ञ ठोकळगावाचा सरपंच होता. त्याने ‘स्पर्शपाटी’ तयार केली. एरवी ज्या सपाट पाटीवर आपण बांधकाम उभं करतो तशीच ती दिसायची, पण तिच्या पोटात दाब मोजणारी बारीक जाळी होती. तिच्या मदतीने निरंजनने जे टिपलं ते साधंच होतं. दोन माणसं एकच भिंत बांधू लागली तरी ती सारखी बांधत नाहीत. एकजण ठोकळा आधी टेकवतो आणि मग दाबतो, दुसरा एकदम ठोकतो. एकजण कोपऱ्यापाशी थबकतो, दुसरा पुढे जाऊन मागे वळतो. बोटाचा जोर, दोन दाबांमधली उसंत, चुकलेला ठोकळा काढायची तऱ्हा, या सगळ्यांतून जी लय तयार होते ती माणसाच्या अक्षरासारखी किंवा चालीसारखी त्याची एकट्याची असते. निरंजनने तिला हातखूण म्हटलं. प्रत्येकाच्या सुरुवातीच्या बांधकामांवरून ती एकदा पक्की करायची आणि पुढचं प्रत्येक काम तिच्याशी ताडून बघायचं. जुळलं तर हिरवा दिवा, नाही जुळलं तर लाल. मूळ खूण नंतर बदलायची नाही, हे त्याने मुद्दाम ठरवलं होतं. नाहीतर कुणीही हळूहळू आपल्या जागी दुसऱ्याचा हात सरकवला असता.

उपाय लागू पडला. राजवाडे बंद झाले. गाव पुन्हा ओबडधोबड आणि माणसांचं झालं. पुढची काही वर्षं सुखाची गेली.

मग एका जत्रेला रावसाहेबांनी नवी सर्कस आणली. हत्तीच्या पाठीवर घोडा, घोड्यावर माकड आणि माकडाच्या हातात छत्री. त्यावर लाल दिवा लागला.

आधी सगळे हसले. “रावसाहेब, माकडानेच बांधलं वाटतं!” रावसाहेबही हसले. त्यांनी सगळं मोडून पुन्हा बांधलं. पुन्हा लाल दिवा. तिसऱ्यांदा बांधलं तेव्हा हातखूण आणखीच दूर गेली.

आता कुणी हसेना. त्याच महिन्यात गावातला एक जुना लोहार यांत्रिक हात वापरताना सापडला होता, त्यामुळे सगळ्यांची मनं आंबलेली होती. रावसाहेबांची जनावरंही हल्ली पूर्वीसारखी राहिली नव्हती, हे आता जो तो बोलू लागला. सिंहाचा एक पाय आखूड होता. चंपाकळीची सोंड सैल बसली होती. कुणीतरी म्हणालं, दुसऱ्याकडून बांधून घेतात आणि त्यालाही धड जमत नाही.

गावात पाच पंच होते. हर्षदा त्यांतली एक. निरंजनने पंचांची बैठक बोलावली.

“मी त्यांना म्हटलं, कॅमेऱ्यासमोर एक साधी भिंत बांधून दाखवा, प्रश्न मिटेल,” तो म्हणाला. “तर म्हणतात, सर्कसवाला तंबूच्या मागची बाजू दाखवत नसतो.”

“हे त्यांच्या सोंगाला धरूनच आहे,” हर्षदा म्हणाली.

“बाई, इथे सोंगाचा काय संबंध? लोहाराला आपण काढलं. यांना सोडलं तर उद्या कोण ऐकेल आपलं?”

दोन पंच तंबू बंद करावा म्हणाले, दोघे नको म्हणाले. निर्णय हर्षदावर आला. तिने एक दिवस मागून घेतला आणि इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. वेधशाळेबाहेर येऊन, सोंग उतरवून तिने रावसाहेबांना खासगी निरोप पाठवला. “मी बाई म्हणून विचारत नाही. माझं नाव हर्षदा. खरं सांगा, तुम्हीच बांधता ना? मला नुसतं हो म्हणा.”

उत्तर यायला वेळ लागला. ते आलं ते रावसाहेबांच्याच थाटात. “वेधशाळा जो अंदाज देईल तो सर्कशीला मान्य आहे.”

तिला हवा होता तो शब्द त्यात नव्हता. निर्दोष माणूस साधं हो म्हणायला का कचरेल, असं तिला वाटलं. खरं तर त्या वाटण्याखाली राग होता. तिने आपलं खरं नाव त्यांच्या ओंजळीत ठेवलं होतं आणि त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. कॅमेऱ्यासमोर बांधून दाखवेपर्यंत तंबू बंद ठेवावा, असं मत तिने दिलं.

तंबू नकाशावर करडा झाला. रावसाहेब पुन्हा दिसले नाहीत. वेधशाळेचा अंदाज रोज जाहीर होत राहिला, पण खेळ लावू का, असं विचारायला कुणी आलं नाही.

पुढच्या वर्षीची जत्रा जवळ आली होती. हर्षदाच्या प्रयोगशाळेत डॉक्टर पाटणकर आपल्या एका रुग्णाची कवळी तपासायला आले. कवळी ज्यांची होती त्या बाई त्यांच्या मावशी होत्या. बोलता बोलता ते म्हणाले, “कंपवात आणि विस्मरण एकत्र आलंय तिला. पण वेळेवर कळलं. त्याचं श्रेय तिच्या मोबाइलला.”

“मोबाइलला?”

“टायपिंगवरून. अक्षरांमधली उसंत वाढत चालली होती. तिला स्वतःला काही जाणवत नव्हतं, आम्हालाही नाही. हाताची लय आधी बिघडते, विसरणं नंतर येतं. आता जे औषध आलंय ना, ते मेंदूत साचणारा मळ थोपवतं, पण पेशी शाबूत असतील तरच. एकदा गेलेलं परत येत नाही.”

कवळी हर्षदाच्या हातातच राहिली. डॉक्टर आणखी काय म्हणाले ते तिला ऐकू आलं नाही. दारामागच्या बाकावर बसून तिने निरंजनला फोन लावला.

“रावसाहेबांची सगळी बांधकामं काढ. नुसतं जत्रेचंच नको. पहिल्यापासूनची काढ.”

“आता कशाला, बाई?”

“काढ म्हणते ना.”

संध्याकाळी निरंजनने आपला पडदा तिला दाखवला. पाटीवरचा प्रत्येक दाब म्हणजे एक ठिपका आणि प्रत्येक बांधकामाचं मूळ खुणेशी असलेलं साम्य म्हणजे एक बिंदू. निरंजनने लोहाराचे बिंदू जोडले. रेघ सरळ चालली होती आणि एका दिवशी कड्यावरून पडावी तशी खाली आली होती. त्या दिवशी त्याने यांत्रिक हात आणला होता. मग त्याने रावसाहेबांचे बिंदू जोडले.

तिथे कडा नव्हता. रेघ बराच काळ सपाट होती आणि मग उतरत गेली होती, घाटातल्या रस्त्यासारखी, सावकाश. जत्रेच्या वर्ष-दीड वर्ष आधीपासून.

“ऐकतेस?” निरंजनने दाबांचा आवाज काढला. आधी जुना तंबू वाजवला. टक, टक-टक, टक. एका ओळीत, ठेक्यात. मग जत्रेची सर्कस. टक. बराच वेळ काही नाही. टक. घसरल्याचा आवाज. पुन्हा तोच ठोकळा. पुन्हा तोच.

“हात त्यांचाच होता,” हर्षदा म्हणाली.

निरंजनने आवाज बंद केला. मग म्हणाला, “साम्य ठरलेल्या मर्यादेच्या वर होतं तोवर मी बघितलंच नाही. दिवा हिरवा होता ना. हिरव्या दिव्यामागे काय चाललंय हे बघायचं कुणाला सुचतंय?”

दुसऱ्या दिवशी तंबू पुन्हा रंगीत झाला. निरंजनने गावासमोर माफी मागितली. उतरती रेघ दिसली तर ज्याची त्याला गुपचूप कळवायची, असा ठराव त्याने मांडला. त्यावरही भांडणं झाली. आम्ही इथे खेळायला येतो, तपासून घ्यायला नाही, असं बरेचजण म्हणाले. शेवटी ज्याला हवं त्याला सांगायचं, एवढ्यावर मिटलं. रावसाहेबांकडून काहीच आलं नाही. हर्षदाने पाठवलेले निरोप न वाचताच पडून राहिले.

“पाटी ज्या पत्त्यावर पाठवली होती तो दे,” तिने निरंजनकडे मागितलं.

“गावाचा पहिलाच नियम मोडतेयस.”

“मोडते.”

परतवाड्याच्या एका शांत वसाहतीत, जास्वंदीच्या कुंपणामागे ते घर होतं. दारावरच्या पाटीवर नाव होतं, वामन ढोमणे, चित्रकला शिक्षक (निवृत्त). दार त्यांच्या पत्नीने उघडलं. इंदुमतीबाई सत्तरीच्या आसपासच्या होत्या. पदर खोचलेला आणि हातात वाटी.

“मी सांगलीहून आले,” हर्षदा म्हणाली. “ठोकळगावातून.”

बाईंनी तिला खालून वरपर्यंत बघितलं. “काहून आलात आता?”

बाईंनी तरीही दार अडवलं नाही.

खिडकीपाशी खुर्चीत एक उंच, वाळलेला माणूस बसला होता. दाढी नीट केलेली, शर्टाची बटणं नीट लावलेली. हात मांडीवर होते आणि उजव्या हाताची बोटं नकळत काहीतरी चोळत होती. त्यांनी हर्षदाकडे सौजन्याने बघितलं, दारावर आलेल्या कुणाहीकडे बघावं तसं.

“नमस्कार,” ते म्हणाले. “बसा.”

हर्षदाने त्या उतरत्या रेघेची गोष्ट सांगितली. औषधाचीही सांगितली. सांगू नये असं तिला एकदा वाटलं होतं, पण बाईंच्या डोळ्यांत बघितल्यावर खोटं बोलता येईना.

इंदुमतीबाई वाटी खाली ठेवून ऐकत होत्या. “म्हणजे तुमच्या यंत्राले आधीच माहीत होतं.”

“हो.”

“आम्हाले चार महिन्यांमागं कळलं. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, दीड वर्षापूर्वी आणायचं होतं. मी म्हटलं, दीड वर्षापूर्वी तर काहीच नव्हतं जी, चांगले होते.” त्या थांबल्या. “आणि तुमच्याकडे ती रेघ तेव्हाच उतरत होती. मग लाल दिवाही लागला.”

“आम्हाला वाटलं, दुसरं कुणी बांधतंय.”

“ते माहीत आहे मले. त्यांनी सांगितलं होतं. कॅमेऱ्यापुढे बसलेही होते ते. सदरा बदलून बसले. मग समोर पडद्यावर आपलाच हात थरथरताना दिसला आणि त्यांनी तो बंद केला. म्हणे, हा नको दाखवायला.” बाईंचा आवाज चढला नाही, पण प्रत्येक शब्द हर्षदाला लागत होता. “एकदा एका बाईचा निरोप आला. हो म्हणा, म्हणून. दिवसभर फोन घेऊन बसले. मले विचारत होते, इंदू, हा माझाच हात आहे ना? तिकडे म्हणतात, नाही. मी म्हटलं, काय वेड्यासारखं विचारता. मले काय ठाऊक, ते खरंच विचारत होते म्हणून.”

“त्या बाई म्हणजे मी,” हर्षदा म्हणाली.

बाईंनी मान हलवली. जणू त्यांना ते दार उघडतानाच कळलं होतं. “त्याच्यानंतर ठोकळ्यांले हात नाही लावला त्यांनी. हा असाच मांडीवर ठेवून बघत बसायचे. दुसऱ्याची वस्तू घरी राहून गेल्यासारखं.”

माफी मागायला आलेल्या हर्षदाला माफीचा शब्द उच्चारवला नाही. तो फार छोटा झाला होता. इंदुमतीबाईंनीही तिला धीर दिला नाही, आणि तेच बरोबर आहे असं हर्षदाला वाटलं.

वाटी पुन्हा हातात घेत बाई म्हणाल्या, “त्या पाटीत त्यांचं काय काय राहिलंय?”

“दाबलेला प्रत्येक ठोकळा. कधी दाबला, किती जोराने. चित्र नाही, पण आवाज काढता येतो.”

“आधीचा? चांगला होता तेव्हाचा?”

हर्षदाने फोन काढला. निरंजनने सगळं तिच्याकडे दिलं होतं. तिने मागे मागे जात एक दिवस निवडला आणि फोन टेबलावर ठेवला.

टक. टक-टक. टक. क्षणभर उसंत, कोपरा आल्यासारखी. मग पुन्हा टक-टक, टक.

इंदुमतीबाईंचा चेहरा एकाएकी मऊ झाला. “हे,” त्या हळूच म्हणाल्या. “हे असंच. मी आत पोळ्या लाटत असायची आणि बाहेर हे चालायचं. कितीदा ओरडली मी त्यांच्यावर, बंद करा ती टकटक म्हणून.”

खिडकीपाशी हालचाल झाली. ढोमणे सरांनी मान वळवली होती. मांडीवरची बोटं थांबली होती. कपाळाला आठी घालून ते त्या आवाजाकडे बघत होते.

“कोण बांधतंय?” त्यांनी विचारलं.

बाईंनी हर्षदाकडे बघितलं. हर्षदा म्हणाली, “एक गृहस्थ आहेत. सर्कशीचा तंबू बांधतायत.”

सर ऐकत राहिले. एका जागी त्यांनी पसंतीने मान डोलावली, जशी वर्गात एखाद्या मुलाची रेघ सरळ आल्यावर डोलावली असेल.

“चांगला हात आहे,” ते म्हणाले. “घाई नाही.” मग आपल्या बायकोकडे वळून, घरात पाहुणा आल्यावर म्हणावं तसं म्हणाले, “त्यांले म्हणा, जेवूनच जा.”

“म्हणते,” इंदुमतीबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरून आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज सुरू झाला. तंबू पुरा व्हायला अजून अवकाश होता. हर्षदा उठून सरांच्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि दोघंही तो आवाज ऐकत राहिली.